सभागृहातले बाबासाहेब : आर्थिक न्याय आणि लोकशाहीचा तीस वर्षांचा हिशेब

बाबासाहेबांची ओळख आपण अनेक प्रकारे करून देतो. घटनेचे शिल्पकार, महाडचे सत्याग्रही, धम्मचक्र प्रवर्तन करणारे बोधिसत्त्व. आमदार आणि खासदार म्हणून त्यांची ओळख मात्र जयंतीच्या भाषणांत फारशी ऐकू येत नाही. १८ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळाच्या सदस्यत्वाची शपथ घेतली, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते. मुंबईचे जुने कौन्सिल, १९३७ नंतरची विधानसभा, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना केंद्रीय विधिमंडळ, मग संविधान सभा, हंगामी संसद आणि शेवटी राज्यसभा. मध्ये थोडे खंड पडले, पण जवळजवळ तीस वर्षे हा माणूस कोणत्या ना कोणत्या सभागृहात बोलत होता. ते बोलणे बहुतेक वेळा शेतसारा, मजुरी, वतन, संप, बाळंतपणाची रजा, शाळेची फी अशा गोष्टींवर होते.

युवक कार्यकर्त्यांसाठी हा लेख आम्ही मुद्दाम तयार केला आहे. अभ्यासवर्गात, कॉलेजच्या चर्चेत किंवा तहसील कचेरीसमोर निवेदन देताना बाबासाहेबांचा आर्थिक विचार नेमका काय होता हे विचारले जाते, आणि उत्तरादाखल समाजमाध्यमांवरची चार वाक्ये पुढे केली जातात. त्यातली काही चुकीचीही असतात. तेव्हा सभागृहात त्यांनी प्रत्यक्ष काय मांडले ते पाहू.

पहिलेच भाषण अर्थसंकल्पावर

कौन्सिलात नेमणूक झाली तेव्हा बाबासाहेब ३५ वर्षांचे होते. कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे शिक्षण झालेले, 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झालेला. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. अस्पृश्यांचा नेमलेला प्रतिनिधी अस्पृश्यांच्या तक्रारी सांगून खाली बसेल, असे समोरच्यांना वाटले असावे. त्यांनी थेट करपद्धतीलाच हात घातला.

मुद्दा साधा होता. व्यापारी किंवा वकील यांना प्राप्तिकर द्यावा लागतो तेव्हा एका ठराविक मिळकतीखाली कर माफ असतो, आणि ज्या वर्षी कमाई नाही त्या वर्षी करही नाही. शेतकऱ्याला मात्र पीक येवो वा न येवो, सारा भरावा लागतो. शिवाय एक-दोन एकरांचा गरीब कुणबी आणि शेकडो एकरांचा जहागीरदार यांना दर एकच. माणसाची ऐपत न पाहता लावलेला कर न्याय्य कसा, हा त्यांचा प्रश्न. आज वस्तू आणि सेवा कराच्या काळात तो वाचताना आम्हाला जुना वाटला नाही. बिस्किटाच्या पुड्यावर रोजंदारीचा मजूर आणि कारखानदार सारखाच कर भरतात.

पुढच्याच महिन्यात, १२ मार्च १९२७ रोजी, ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. दारूवरच्या अबकारी करातून सरकार माणशी जेवढे मिळवते तेवढेही शिक्षणावर माणशी खर्च करत नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. शिक्षण खाते देवाणघेवाणीच्या हिशेबावर चालवायचे नसते, म्हणजे जितकी फी तितकेच शिक्षण असे करता येणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. खालच्या वर्गांतली मुले नुकती कुठे हायस्कूल-कॉलेजच्या दारापर्यंत येत आहेत, अशा वेळी शिक्षण शक्य तितके स्वस्त हवे. शिष्यवृत्ती अडकली म्हणून विनाअनुदानित कॉलेजात परीक्षेचा फॉर्म अडवला गेलेल्या विद्यार्थ्याने हे भाषण जरूर वाचावे.

बाळंतपणाची रजा कोणाच्या खर्चाने?

१९२८ साली कौन्सिलात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले. मालकवर्गाचे म्हणणे, याने धंद्यावर बोजा पडेल. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलावा हे तत्त्वतः योग्य आहे, हे त्यांनी मान्य केले. पण मालकालाही त्यातून सुटका नाही. पुरुषाऐवजी बाई कामाला लावली की मालकाचा फायदा होतो म्हणून तो ती लावतो. फायदा घेतो तर भारही घ्यावा. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

इथे त्यांची पद्धत दिसते. एखादी सवलत मागताना ते दया मागत नाहीत. कोणाच्या श्रमातून कोणाला काय मिळते याचा जमाखर्च मांडतात आणि त्या हिशेबाने बोजा कोणी उचलायचा ते सांगतात.

वतन : गावकीच्या बेड्या

महार वतनाचा प्रश्न आजच्या पिढीला ऐकीव असतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. महार वतनदाराला सरकारी कामासाठी चोवीस तास बांधलेले असे. टपाल पोचवणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, मेलेली जनावरे ओढणे, सारा गोळा करताना रयतेला बोलावून आणणे. तो घरी नसेल तर बाप, भाऊ, बायको यांना जावे लागे. मोबदला म्हणून तुटपुंजी इनामी जमीन आणि रयतेकडून मिळणारे बलुते. बलुते देणे न देणे मात्र गावाच्या मर्जीवर. महारांनी स्वच्छ राहायचे ठरवले, मेलेले ढोर ओढायचे नाकारले की गाव बलुते बंद करून त्यांना वठणीवर आणत असे. सरकार नोकरी घ्यायचे, पगार मात्र तिसऱ्याने द्यायचा, असा हा व्यवहार.

मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. ज्यांना वतनाच्या कामातून मुक्त व्हायचे असेल त्यांनी पूर्ण सारा भरून जमीन ठेवावी. ज्यांना काम करायचे असेल त्यांच्या कामाची व्याख्या कायद्यात असावी. आणि बलुत्याऐवजी रोख रक्कम सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून द्यावी. सरकारी बाजू आणि जमीनदार सभासद यांच्या विरोधामुळे विधेयक पुढे गेले नाही. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. समाजातल्याही काहींना वतनाची जमीन जाईल अशी भीती वाटत होती, हे लपवण्याचे कारण नाही. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावच्या परिषदेत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. शेवटी महार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. विधेयक मांडल्यापासून तीस वर्षे, आणि तोवर बाबासाहेब नव्हते.

पण मूळ मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. ज्याची भाकरी गावाच्या हातात त्याचे मतही गावाच्या हातात, हे त्यांनी प्रौढ मताधिकार येण्याच्या वीस वर्षे आधी ओळखले होते.

खोती, आणि कुळांचा मोर्चा

१५ ऑगस्ट १९३६ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर असे अस्पृश्य समाजाबाहेरचे सहकारी त्यात होते. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे बहुसंख्य उमेदवार निवडून आले आणि १७५ सभासदांच्या विधानसभेत काँग्रेस सरकारसमोर तो एक महत्त्वाचा विरोधी पक्ष ठरला.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणात, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी, कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांच्या भागात, सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत होता. खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळाकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करायचा. वर वेठ. कूळ कुणबी असो, आगरी असो की महार, जाच सारखाच. अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून शेती कसायचीच बंद केली होती. तो संप वर्षानुवर्षे चालला. बाबासाहेबांच्या विधेयकात खोताला वाजवी भरपाई होती आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमिनीचा कबजेदार म्हणून हक्क होता.

बहुमत सरकारचे. विधेयक पडून राहिले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी बोटीने, रेल्वेने, पायी मुंबईत आले आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला. शिष्टमंडळ मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना भेटले. सभागृहात विधेयक आणि रस्त्यावर मोर्चा, दोन्ही एकाच वेळी. आज आपल्यात आंदोलन करणारे वेगळे आणि निवडणूक लढवणारे वेगळे अशी वाटणी झाली आहे, त्या पार्श्वभूमीवर हे वर्ष पुन्हा पुन्हा पाहावे असे आम्हाला वाटते. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली.

आणखी एक गोष्ट. खोतीविरोधी लढ्यात सवर्ण म्हणवणारे कुणबी आणि महार एकत्र आले. पाणवठ्यावर ज्यांचे जमत नव्हते ते मोर्चात एका रांगेत चालले. गावी परत गेल्यावर जात संपली असे झाले नाही, आणि बाबासाहेबांनीही तसा भ्रम बाळगला नव्हता.

संपाचा हक्क

१९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकावरचे त्यांचे भाषण हे आमच्या मते त्यांच्या सभागृहातल्या कारकिर्दीतले सर्वांत धारदार भाषण. काँग्रेस सरकारच्या विधेयकात मालक-कामगार वादात सक्तीची समेट प्रक्रिया होती. ती पूर्ण होण्याआधी संप केला तर तो बेकायदा, आणि कामगाराला शिक्षा.

१५ सप्टेंबर १९३८ रोजी त्यांनी या विधेयकाची चिरफाड केली. संप म्हणजे काय? कामगाराने काम न करण्याचे ठरवणे. तो फार तर नोकरीच्या कराराचा भंग आहे, आणि करारभंगाबद्दल दिवाणी दावा होतो, फौजदारी शिक्षा होत नाही. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला शिक्षेच्या भयाने भाग पाडणे याला गुलामगिरी हाच शब्द आहे. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. एक मान्य असेल तर दुसरा नाकारता येणार नाही. स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्या पक्षाला हे ऐकवले गेले, हे विशेष.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत या विधेयकाविरुद्ध संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांच्यात मतभेद कमी नव्हते. गिरण्यांच्या ज्या खात्यांत जास्त मजुरी मिळते तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही आणि कामगार संघटना त्यावर गप्प, हा बाबासाहेबांचा जुना राग होता. तरी त्या दिवशी श्रीपाद अमृत डांगे आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर होते. विधेयक मंजूर झालेच.

आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता काढून शेजारी ठेवा. पूर्वी फक्त लोकोपयोगी सेवांना लागू असलेली संपाच्या नोटिशीची सक्ती तीत सर्वच आस्थापनांना लागू केली आहे. किमान १४ दिवस आधी नोटीस हवी. एकाच दिवशी निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून रजा घेतली तर तोही संपच धरला जातो. कंत्राटी सफाई कामगारांत काम करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी या दोन तरतुदी तोंडपाठ ठेवाव्यात, आणि १९३८ चे भाषणही.

मजूरमंत्री असताना

जुलै १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. या काळाबद्दल खूप फिरवाफिरवी केलेला मजकूर आढळतो, म्हणून थोडे काटेकोर राहू.

चौदा तासांचे काम त्यांनी आठ तासांवर आणले असे सर्रास लिहिले जाते. खरे तर १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा आधीच होती. ती ४८ वर, म्हणजे सहा दिवस आठ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली त्यांच्या खात्याने केली. हेही मोठेच काम आहे. फुगवण्याची गरज नाही. कामगार संघटनांना मालकाने मान्यता द्यावी यासाठीचे विधेयक १९४३ साली आणले गेले. किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मांडले गेले आणि १९४८ साली कायदा झाला. कामगार राज्य विम्याच्या कायद्याची आखणीही याच काळातल्या अदारकर अहवालातून सुरू झाली. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद १९४२ पासून भरू लागली.

आणि एक अडचणीची गोष्ट. युद्धकाळात कोळशाचा तुटवडा पडला म्हणून खाणीत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावरची बंदी सरकारने १९४३ साली उठवली. केंद्रीय विधिमंडळात यावर टीका झाली तेव्हा फेब्रुवारी १९४४ मध्ये मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी त्या निर्णयाची बाजू मांडली. ही युद्धकाळापुरती निकड आहे, आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व इथे लागू केले आहे, असे त्यांचे उत्तर होते. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. १९२८ मध्ये गिरणीतल्या आईसाठी बोलणारा माणूस १९४४ मध्ये हे बोलला, हे आम्हाला खटकते. सत्तेत बसल्यावर काय काय गिळावे लागते त्याचे ते उदाहरण आहे. कार्यकर्त्याने ते माहीत करून घ्यावे. विरोधकाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा बरे.

याच काळात, १७ सप्टेंबर १९४३ रोजी, दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात त्यांनी संसदीय लोकशाही जगात ठिकठिकाणी का कोसळली याचे विश्लेषण केले. हिटलर-मुसोलिनीचा तो काळ. त्यांचे निदान असे की संसदीय लोकशाहीने स्वातंत्र्याची आवड धरली आणि समतेकडे पाठ फिरवली. करारस्वातंत्र्य या गोंडस नावाखाली बलवानाला दुबळ्याला लुबाडण्याची मोकळीक मिळाली. सामाजिक आणि आर्थिक लोकशाही या राजकीय लोकशाहीच्या शिरा आणि स्नायू आहेत, ते दुबळे असतील तर शरीर उभे राहत नाही, असा त्यांचा आशय. भारताच्या संविधानाचे काम सुरू होण्याच्या तीन वर्षे आधीचे हे भाषण आहे.

'राज्ये आणि अल्पसंख्याक' : घटनेत समाजवाद

१७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत उद्दिष्टांच्या ठरावावर ते प्रथम बोलले तेव्हाच त्यांनी एक उणीव दाखवली होती. ठरावात सामाजिक आणि आर्थिक न्याय हे शब्द आहेत, पण उद्योग आणि जमीन यांच्या राष्ट्रीयीकरणाचा उल्लेख नाही. त्याशिवाय हा न्याय कसा आणणार?

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी निवेदन तयार केले, तेच 'राज्ये आणि अल्पसंख्याक'. आजही ते वाचताना धक्का बसतो. मूलभूत आणि महत्त्वाचे उद्योग सरकारच्या मालकीचे. विमा ही सरकारची मक्तेदारी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला विमा सक्तीचा. शेती हा सरकारी उद्योग: मालक, कूळ, गहाणदार यांचे हक्क सरकारने रोख्यांच्या रूपात मोबदला देऊन घ्यायचे, जमिनीचे ठराविक आकाराचे भाग पाडायचे, आणि गावातल्या कुटुंबांना जातिधर्माचा भेद न करता सामूहिक पद्धतीने कसायला द्यायचे. भांडवल, बी-बियाणे, जनावरे सरकारने पुरवायची. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीनही नाही. आणि हे सारे घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत.

लहान शेतीबद्दल त्यांनी १९१८ सालीच निबंध लिहिला होता आणि १९२७ मध्ये कौन्सिलात लहान धारकांच्या विधेयकाला विरोध करताना तोच मुद्दा मांडला होता. शेताचा तुकडा किती मोठा यावर शेती किफायतशीर ठरत नाही, त्या तुकड्यावर किती भांडवल आणि श्रम लागतात यावर ठरते. तुकडे जोडून गरिबाला जमिनीवरून हटवू नका, मिळून कसू द्या. वीस वर्षांनी हाच विचार मोठ्या आराखड्यात आला. अस्पृश्यांसाठी त्याचा अर्थ स्पष्ट होता. कुळकायद्याचा फायदा ज्याच्याकडे कूळ म्हणून जमीन आहे त्याला. शेतमजुराला त्यातून काहीच मिळत नाही. पुढे नेमके तसेच घडले.

पण निवेदनातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. हा आर्थिक आराखडा त्यांना साध्या कायद्याने नको होता, घटनेतच हवा होता. साधा कायदा पुढचे बहुमत बदलते. दुसरीकडे हुकूमशाहीने समाजवाद येईल, पण माणूस गुलाम होईल. मग लोकशाही ठेवून समाजवाद टिकवायचा कसा? घटनेत लिहून, बहुमताच्या हाताबाहेर ठेवून. मूलभूत हक्कांच्या गप्पा मारणाऱ्यांना त्यांनी तिथे बेकाराचे उदाहरण दिले. उपाशी माणसाला कोणी अशी नोकरी देऊ केली की तासांची मर्यादा नाही, संघटनेत जायचे नाही, तोंड उघडायचे नाही, तर तो काय निवडेल? हक्क की भाकरी? सरकारने हात आखडला की उरते ते स्वातंत्र्य कोणाचे? मालकाचे. कामाचे नियम मालक करतो, म्हणजे तोही एक सरकारच, फक्त न निवडलेले.

मोबाइलच्या ॲपवरून डिलिव्हरी करणाऱ्या आपल्या पोरांना हे समजावून सांगावे लागत नाही.

मग १९४८ मध्ये विरोध का?

अभ्यासवर्गात हा प्रश्न हमखास येतो. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात 'समाजवादी' हा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे काळ आणि परिस्थितीनुसार लोकांनी ठरवावे. घटनेनेच ते कायमचे ठरवून टाकले तर लोकांचे निवडीचे स्वातंत्र्य जाते, असे ते म्हणाले. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादी आशयाची कलमे आहेतच, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. दीड वर्षापूर्वी घटनेतच समाजवाद मागणारे हेच बाबासाहेब होते. 'समाजवादी' शब्द उद्देशिकेत आला तो १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने.

यावर दोन टोकांची उत्तरे दिली जातात. एक, त्यांचे मत बदलले. दुसरे, मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना बहुमताचे मत मांडावे लागले. आम्हाला दुसरे उत्तर जास्त पटते, पण तेवढ्यावर भागत नाही. १९ नोव्हेंबर १९४८ रोजी मार्गदर्शक तत्त्वांवर बोलताना त्यांनी सांगितले की या घटनेचा आदर्श आर्थिक लोकशाही हाही आहे. तिच्याकडे जाण्याचे मार्ग अनेक असू शकतात म्हणून एकच मार्ग मुद्दाम लिहिलेला नाही. अनुच्छेद ३८ आणि ३९ यांत उपजीविकेची साधने सर्वांना, भौतिक साधनसंपत्तीची वाटणी सार्वजनिक हिताची, आणि संपत्ती मूठभरांच्या हाती साचू नये, असे लिहिले आहे. अनुच्छेद ३७ मात्र म्हणतो की ही तत्त्वे न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत. बाबासाहेबांचा भरवसा वेगळ्या न्यायालयावर होता. जो सत्तेवर येईल त्याला ही तत्त्वे डावलल्याबद्दल मतदारांपुढे जाब द्यावा लागेल, असे ते ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात म्हणाले होते.

१९४७ चा आराखडा बहुमतावर विश्वास नसलेल्या माणसाचा आहे आणि १९४८ ची भाषणे मतदारावर विश्वास ठेवू पाहणाऱ्या माणसाची आहेत. ही ओढाताण पुसून टाकायचे आम्हाला कारण दिसत नाही. १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांना हरवले.

२५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण तुम्हा सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जगात पाऊल ठेवणार: राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य, सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र ते मूल्य नाकारलेले. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील. या भाषणाचा एक भाग मात्र कमी वाचला जातो. भारताला लोकशाही नवी नाही हे सांगताना त्यांनी भिक्खू संघाचा दाखला दिला: बैठकीची रचना, ठराव, गणपूर्ती, मतदान यांचे नियम संघात होते.

धम्माचा धागा

आर्थिक विचार आणि धम्म हे दोन वेगळे कप्पे आहेत असे आपल्यातल्याही अनेकांना वाटते. दीघ निकायातले कूटदंत सुत्त उघडून पाहा. राज्यात चोऱ्या वाढल्या आहेत, राजाला मोठा यज्ञ करायचा आहे. पुरोहित सांगतो, शिक्षा करून चोऱ्या थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे. चक्कवत्ती सीहनाद सुत्तात क्रम आणखी स्पष्ट आहे: निर्धनांना धन दिले गेले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, हिंसा आणि खोटेपणा.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. महापरिनिर्वाणाच्या सोळा दिवस आधी, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांवर बोलले. शोषण हे दुःखाचे एक मूळ आहे आणि खासगी मालमत्ता त्याच्याशी जोडलेली आहे, इथपर्यंत दोघांत साम्य. हिंसा आणि हुकूमशाही हे मार्ग बुद्धाला अमान्य. मोजक्या वस्तूंपलीकडे भिक्खूला स्वतःची मालमत्ता नाही, आणि हे त्याने बळजबरीने नव्हे तर मनाने स्वीकारलेले आहे. १९४७ च्या निवेदनातला प्रश्न, हुकूमशाहीशिवाय समता कशी टिकवायची, त्यांनी शेवटी इथे आणून ठेवला.

नंतर

लोकसभेत १९५७ ते १९६२ आणि पुढे राज्यसभेत असलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी हा वारसा जमिनीच्या प्रश्नावर चालवला. १९५९ मध्ये खानदेश-नाशिक भागात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह सुरू केला. पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही मुख्य मागणी. लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. बायका कडेवरच्या मुलांसह गेल्या.

त्या मागणीचा एक तुकडा महाराष्ट्रात २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयातून पदरात पडला. १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी गायरान कसणाऱ्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करायचे त्यात ठरले. अनेक गावांत लोक जमीन कसत राहिले, पण सातबाऱ्यावर नाव चढले नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिल्यानंतर या कुटुंबांनाही नोटिसा येऊ लागल्या. त्या निकालातच भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी योजनेखाली दिलेल्या जमिनीसाठी अपवाद आहे, हे नोटिशीत लिहिलेले नसते.

आपल्या गावात असे कोणी असेल तर पहिल्यांदा १९९० पूर्वीच्या कबज्याचे पुरावे जमवा: दंडाच्या पावत्या, पीक पाहणीतली नोंद, तलाठ्याचा पंचनामा, ग्रामपंचायतीचा ठराव. पावत्या बहुधा घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या पेटीत सापडतात.